खडीसाखरेचा दोरा

सरोजिनी खांबेटे चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. वॉचमनला ठाऊक आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात गीझर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही आता ठाऊक झालंय. त्याने आतली क्षारांनी पांढरी पडलेली कॉइल काढून दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, टँकरच्या पाण्याने हे होणारच. अधूनमधून मला बोलवत जा, मी घासून देत जाईन."

बाईंनी चष्मा पुसला आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे रोग बरा करायचाच नाही. डॉक्टरचं पोट तेवढं भरत राहायचं. असंच ना?"

त्यांचे यजमान श्यामराव बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब. त्यांनी त्या माणसाला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडून आले. त्या बिचाऱ्याचा दोष एवढाच की त्याने नेमक्या चुकीच्या दारात तोंड उघडलं. साचल्यावर घासत बसायचं की मुळात साचूच द्यायचं नाही, हे एकच भांडण या बाई जन्मभर भांडत आल्या आहेत. गीझर हा त्यातला सगळ्यात छोटा शत्रू.

मोठा शत्रू हिंजवडीच्या पलीकडे, माणच्या रस्त्याला एका शेडमध्ये उभा आहे. बाई जिथे नोकरी करतात ती कंपनी खाणवाल्यांना कारखाने आखून देते. आधी शेडमधल्या छोट्या यंत्रावर करून बघायचं, मग मोठ्याचा आराखडा काढायचा, अशी पद्धत. सध्या जगाला बॅटऱ्यांसाठी निकेल हवंय, आणि ते मिळतं लाल मातीत. मातीत निकेल चिमूटभर आणि लोखंड ढीगभर. मग त्या मातीचा पातळ गारा करायचा, त्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालायचं आणि बंद टाकीत प्रचंड दाबाखाली तापवायचा. शेडमधली माणसं त्या टाकीला कुकरच म्हणतात. कुकरमध्ये निकेल विरघळतं आणि पुढे जातं. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमही विरघळतं, पण ती दोघं पुढे जात नाहीत. त्याच उष्णतेत ती पुन्हा घट्ट होतात आणि टाकीच्या भिंतीला, ढवळणाऱ्या पात्यांना, नळ्यांच्या तोंडाला चिकटून बसतात. थरावर थर चढतो. खडकासारखा कठीण. टाकी आतून अरुंद होत जाते, पाती जड होतात, नळ्या बुजतात. मग एक दिवस सगळं बंद करायचं, टाकी थंड करायची, झाकण उघडायचं आणि आत माणसं उतरवायची. छिन्नी, हातोडे, पाण्याचे जबरदस्त फवारे घेऊन.

"माणसं उतरवायची" हे दोन शब्द अहवालात फार गुळगुळीत दिसतात. बाईंना ते दिसले की त्यांच्या कपाळाची शीर उडते, त्याला कारण आहे.

शिकून बाहेर पडल्यावर त्यांची पहिली नोकरी घाटाखालच्या एका कारखान्यात होती. तिथल्या टाकीतही असाच थर धरायचा. तो फोडणाऱ्या टोळीचे मुकादम रावसाहेब नावाचे एक गृहस्थ होते. झाकणापाशी बॅटरी धरून उभं राहायचं काम नव्या मुलीला, म्हणजे सरोजिनीला दिलं होतं. रावसाहेब आतून म्हणाले, "पोरी, उजेड जरा डावीकडं धर." तिने धरला. त्याच वेळी वरच्या बाजूचा थर अख्खा सुटला आणि खाली आला. बॅटरीच्या उजेडात तिला फक्त लाल धूळ दिसली. नंतर चौकशी झाली. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, असं ठरलं. निष्काळजीपणा कसला, तर ज्या जागी त्यांना उतरवलं त्या जागी ते उभे होते. त्या दिवसापासून बाईंचा आवाज चिडल्यावर उतरायला लागला, असं श्यामराव म्हणतात.

थर धरू नये यासाठी उपाय आहे, आणि तो फार अवघड नाही. खडीसाखर कशी करतात ते आठवावं. पाकात दोरा सोडतात, साखर दोऱ्यावर धरते, भांडं मोकळं राहतं. कुकरमधून बाहेर पडलेल्या गाळाचा थोडा भाग परत आणून नव्या गाऱ्यात मिसळायचा, एवढंच. त्या बारीक कणांवर नवं लोखंड जाऊन बसतं आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडतं. भिंतीच्या वाट्याला फार थोडं येतं. थर अजिबात धरत नाही असं नाही, पण माणसं आत उतरवायचे प्रसंग कितीतरी कमी होतात. या परतीच्या नळीला शेडमध्ये सगळे दोराच म्हणतात. दोऱ्यासाठी वेगळा पंप लागतो, तो गाळाने झिजतो, त्याची निगा राखावी लागते. म्हणून वरच्या लोकांना दोरा आवडत नाही. घासायला माणसं मिळतात, आणि माणसं झिजली तर तो खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

इंडोनेशियातल्या एका बेटावरच्या कारखान्याचं काम कंपनीकडे आलं होतं. तिथे एक कुकर दोऱ्याविनाच चालू आहे, दुसरा उभारायचाय. दुसऱ्याला दोरा द्यायचा की नाही, ते पुण्याने सांगायचं. बाईंनी वर्षभर शेडमधल्या कुकरच्या भिंतीवरचा थर मुद्दाम राखला होता, लोखंडी तवा मुरवून ठेवावा तसा. कारण घासून लखलखीत केलेल्या भिंतीवर पहिला पापुद्रा धरायला वेळ लागतो. एकदा धरला की पुढचा त्यावर पटापट चढतो. खऱ्या कारखान्यातली भिंत नवी नवरी नसते. म्हणून चाचणी घ्यायची ती मुरलेल्या भिंतीवरच, एकदा दोऱ्यासकट आणि एकदा दोऱ्याविना. दोऱ्यासकटची झाली होती. दोऱ्याविना व्हायची होती.

तेवढ्यात नवरात्रात बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या घरी बसल्या. इकडे बेटावरच्या लोकांनी बैठक अलीकडे ओढली. साहेबांनी, म्हणजे विश्वजीतने, बाईंची वाट न बघता दसऱ्यानंतर दोऱ्याविना चाचणी उरकून टाकली.

काळा चष्मा लावून बाई शेडमध्ये परतल्या तेव्हा विश्वजीत स्वतः दारापर्यंत आला. चाळिशीचा, चुणचुणीत, कधीही कुणाला न दुखवणारा माणूस. अशी माणसं फार महागात पडतात.

"मॅडम, गुड न्यूज. विदाउट सीड, वॉलवर स्केलचा थर ऑलमोस्ट नाहीच. दोऱ्याची गरजच नाहीये. रिपोर्ट रेडी आहे."

"नाहीच?"

"नेग्लिजिबल."

जन्मभर ज्याच्याशी भांडलो तो शत्रू आपण डोळा दाखवायला गेलो तेव्हा आपण होऊन निघून गेला, यावर बाईंचा विश्वास बसेना. त्या सरळ कुकरपाशी गेल्या आणि बजरंगला म्हणाल्या, "झाकण काढा."

बजरंग हुलावळे शेडचा जुना माणूस. ही शेड जिथे उभी आहे तिथे त्याच्या वडिलांची ज्वारी असायची. जमीन गेली, नोकरी मिळाली, आणि नोकरी त्याने शेतासारखीच केली, म्हणजे जीव लावून. त्याने झाकण काढलं. बाईंनी चष्मा वर करून आत पाहिलं. भिंतीवर हलकीशी तांबूस झाक, बाकी सगळीकडे टायटॅनियमचा चकचकीत पत्रा. वर्षभराचा थर गायब.

"बजरंग, आतून कुणी घासलं?"

"म्या घासलं, म्याडम." तो अभिमानाने म्हणाला. "खंडेनवमीला. दोन दिस लागलो हुतो. पार आरशावानी केलं."

इथे सांगायला हवं की खंडेनवमीला हत्यारं-अवजारं घासूनपुसून पुजायची, हे पुण्यात आयटी पार्कातही चुकत नाही. लोक कीबोर्डला झेंडू वाहतात. बाईंचाही त्याला विरोध नव्हता. दर वर्षी त्या स्वतः हळदकुंकू वाहायच्या, पण आदल्या दिवशी बजावायच्या, बाहेरून पुसा, आत हात घालायचा नाही.

"मी दर वर्षी काय सांगते?"

"बाहीरनं पुसा म्हनता. पर औंदा तुमी नव्हता, अन् सायेब म्हनले, आतनं बी चकाचक करा, फोटू काढायचाय." त्याने हातातलं फडकं झटकलं. "अन् देवाम्होरं अंग माखलेलं यंत्र ठेवायचं, ह्ये माज्या मनाला कदी पटलं न्हाय, म्याडम. खरं सांगतो."

बाईंना इतका राग आला की त्यांना क्षणभर बसावं लागलं. बजरंगचा राग येत होता आणि येतही नव्हता. त्याने जे केलं ते श्रद्धेने केलं. पण विश्वजीत रसायनशास्त्र शिकलेला. पुसलेल्या भिंतीवर चाचणी घेतली तर आकडा गोड येणार, हे त्याला कळायला हवं होतं. कळलं असेलही. गोड आकडा कुणाला नको असतो.

"बजरंग, तुम्ही घासलंत म्हणून आता तिकडे दोरा बसणार नाही. दोरा नाही म्हणजे थर धरणार. थर धरला की माणसं आत उतरणार. एवढं झालं त्या फोटोपायी."

बजरंगच्या तोंडचा रंग बदलला. "तिकडं म्हंजी त्या बेटावर?"

"हो."

"आमचं दाजी हाईत तिकडं."

आणि बाईंना आठवलं. चैत्रात बजरंगने पेढे वाटले होते. त्याची धाकटी बहीण शालू, तिचा नवरा उत्तरेश्वर, बार्शीकडचा. एका ठेकेदारामार्फत त्याला परदेशात काम लागलं म्हणून पेढे. बाईंनी पेढा खाल्ला होता, छान झालं म्हणाल्या होत्या, आणि कसलं काम म्हणून विचारलं नव्हतं. त्यांनी ते आता विचारलं.

"सफाईचं," बजरंग म्हणाला. "कंपनीत सफाईचं काम हाय म्हनले. म्हंजी झाडलोट असंल. व्हय ना?"

खोटं बोलणं बाईंना येत नाही. त्यांनी रावसाहेबांची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बजरंग उभाच होता. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "शालूला ह्यातलं काय बी ठावं न्हाय." मग त्याने हातातलं फडकं घडी घालून खिशात ठेवलं.

बाई विश्वजीतच्या केबिनमध्ये गेल्या तेव्हा तो स्लाइड्स बघत होता.

"ही चाचणी रद्द करा. भिंत घासलेली होती. पुन्हा घ्यायची, थर धरून झाल्यावर."

"मॅडम, टाइम कुठाय? परवा मीटिंग आहे. आणि स्टार्टिंग कंडिशन रिपोर्टमध्ये लिहिली आहे ना, 'क्लीन वॉल' म्हणून. आपण काही लपवलं नाहीये."

"दोन शब्द, आणि तेही मागच्या पानावर. त्यांना क्लीन म्हणजे काय वाटेल? धुतलेली. पॉलिश पेपरने घासून कुंकू लावलेली, हे कुणाच्या डोक्यात येईल?"

"तुम्ही इमोशनल होताय."

बाईंचा आवाज एवढा खाली गेला की त्याला पुढे वाकावं लागलं. "मी इमोशनल नाही, विश्वजीत. मी संतापले आहे. दोन्हींत फरक आहे. इमोशनल माणूस रडतो आणि घरी जातो. मी जाणार नाही."

"तुम्ही मीटिंगला बसा. पण प्लीज, प्रेझेंट मी करेन."

"करा ना. मी ऐकते."

त्या रात्री घरी त्यांनी भाजी करपवली. श्यामराव करपलेली भाजी जेवले, आणि हात धुताना म्हणाले, "अगं, तू ऐकणार आहेस म्हणालीस त्याला. त्याने त्यावर विश्वास ठेवला?"

"ठेवला."

"भला माणूस आहे."

बैठक भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर होती. पलीकडून बेटावरच्या कारखान्याचा मुख्य अभियंता, एक जाडजूड, झोपाळू डोळ्यांचा परदेशी गृहस्थ, आणि त्याची माणसं. सगळं बोलणं इंग्रजीत. विश्वजीतने पहिली स्लाइड लावली. तो दसऱ्याचा फोटो होता. सगळे नटूनथटून उभे, मध्ये उघडा कुकर, त्याच्या कडेला झेंडूची माळ, आणि आतल्या भिंतीत पुढच्या रांगेतल्या चेहऱ्यांची प्रतिबिंबं अगदी स्वच्छ. आमची संस्कृती, आम्ही यंत्रांनाही देव मानतो, वगैरे. पलीकडची मंडळी कौतुकाने हसली. मग आकडे आले, आलेख आले, आणि शेवटी निष्कर्ष आला की परतीच्या गाळाची, म्हणजे दोऱ्याची गरज दिसत नाही. नव्या कुकरलाही नाही, जुन्यालाही नाही.

काही प्रश्न, असं विश्वजीतने पडद्याकडे बघून विचारलं. बाई खोलीतून बोलल्या.

"पहिली स्लाइड परत लावता का? फोटो फार सुंदर आहे."

त्याने लावली. सुटलो, असं त्याला वाटलं असावं.

"या फोटोत आमच्या मंडळींचे चेहरे भिंतीत दिसतायत," बाई मुख्य अभियंत्याला म्हणाल्या. "तुमच्या चालू कुकरची भिंत अशी आहे का, की तिच्यात बघून तुम्हाला दाढी करता येईल?"

तो गृहस्थ हसला. नाही म्हणाला, आमच्या भिंतीवर वीतभर दगड आहे.

"मग ऐका. हा फोटो झाल्यावर लगेच याच भिंतीवर ही चाचणी झाली. दरम्यान भिंतीवर काही धरायला वेळच मिळाला नाही. तुम्ही आत्ता पाहिलेला आलेख लोखंडाचा नाही, आमच्या दसऱ्याचा आहे."

झोपाळू डोळे उघडले. त्याने फोटो मोठा करायला सांगितला आणि थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने विश्वजीतला एकच प्रश्न विचारला, हे खरं आहे का. विश्वजीतने बाईंकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि हो म्हणाला. त्याच्या बाजूने एवढं सांगायला हवं की तो खोटं बोलला नाही. पुढचं सगळं लवकर झालं. निष्कर्ष मागे घ्यायचा, चाचणी मुरलेल्या भिंतीवर पुन्हा घ्यायची, आणि तोवर नव्या कुकरच्या आराखड्यात दोरा गृहीत धरायचा, असं ठरलं.

बाई खाली शेडमध्ये आल्या त्या जवळजवळ धावत. डोळ्याच्या डॉक्टरांनी धावायला मनाई केली होती.

"बजरंग, दोरा बसतोय. नव्या कुकरला दोरा ठरला."

बजरंग कुकरपाशी मोबाइल घेऊन बसला होता. त्याने तो त्यांच्यापुढे धरला. उत्तरेश्वरने पाठवलेला फोटो होता. पांढरा प्लास्टिकचा पोशाख, गळ्यात लोंबणारा मास्क, मागे टाकीचं काळं तोंड. बायकोला पाठवायचा म्हणून हसत काढलेला.

"लई चांगलं झालं, म्याडम," बजरंग म्हणाला. "पर दाजी नव्या टाकीवं न्हाईत. नवी तर अजून उभी बी न्हाय. त्ये जुन्या टाकीत उतरत्यात. तिला कवा बसनार दोरा?"

बाईंच्या तोंडून उत्तर निघून गेलं. "ती आपल्या स्कोपमध्ये नाही, बजरंग. आपलं काम नव्याचं आहे. जुन्याचा फक्त शेरा होता, तोही आता मागे घेतला."

बोलल्यावर त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. तो उतरलेला नव्हता. साधा, शांत, समजूतदार होता, विश्वजीतसारखा. रावसाहेबांच्या चौकशीत बसलेले साहेब असेच बोलले होते. बाईंना जेवढा राग कधी कुणाचा आला नव्हता, तेवढा त्या क्षणी स्वतःचा आला. बजरंग मोबाइल विजारीला पुसत राहिला.

"उठा," बाई म्हणाल्या. "चला वर. मला विचारलंत ते तिथे विचारा."

"म्या? मला कुटं विंग्रजी येतंय?"

"मराठीत विचारा. पुढचं मी बघते."

वर पडदा अजून चालू होता. विश्वजीत आणि मुख्य अभियंता निरोपाचं बोलत होते, तारखा ठरवत होते. बाईंनी दार उघडलं, बजरंगला पुढे केलं आणि त्याच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. विश्वजीत म्हणाला, "मॅडम, आत्ता नको, प्लीज."

बजरंगने पडद्यावरच्या माणसाला नमस्कार केला. मग म्हणाला, "सायेब, जुन्या टाकीत कोन उतरतं?"

पलीकडच्याने भुवया उंचावल्या. काय म्हणतात हे, त्याने विचारलं.

"हे विचारतायत," बाई इंग्रजीत म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका उतरला होता की त्याने स्पीकरचा आवाज वाढवला, "तुमच्या जुन्या कुकरमध्ये या आठवड्यात थर फोडायला कोण उतरलं आहे. नाव विचारतायत."

तो गृहस्थ थोडा गोंधळला. ठेकेदाराची माणसं असतात, म्हणाला. मग कुणाशी तरी तिकडे बोलला. परत पडद्याकडे वळून म्हणाला, नाव बघावं लागेल.

"बघा," बाई म्हणाल्या. त्यांनी एक खुर्ची ओढून बजरंगला दिली आणि दुसरीवर स्वतः बसल्या. "आम्ही थांबतो."